माळ्यावरचं महाड

महाडच्या बाजारपेठेत माणसं भिंतीवर बोट ठेवून पुराचं साल सांगतात. "हे पाच सालचं पाणी. आणि हे एकवीसचं," एका कापडदुकानदार काकांनी मला दोन जागा दाखवल्या. भिंतीला मधल्या काळात नवा रंग लागलाय, रेघ कुठेच उरलेली नाही. काकांचं बोट मात्र न चाचपडता त्या जागी गेलं.

२२ जुलै २०२१, गुरुवार. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली उतरते आणि महाडला गांधारीला भेटते. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरवर ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. महाड पाण्यात गेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीतही दरडींनी माणसं नेली. हे सगळं आठवून सांगताना इथली माणसं आवाज चढवत नाहीत. मध्येच थांबतात, पाणी पितात, पुढे सांगतात.

मी प्रत्येक घरात दोन प्रश्न विचारत होतो. पहिला, पाणी चढायला लागल्यावर माळ्यावर काय नेलंत? उत्तरं जवळजवळ सारखीच आली. तांदळाची गोण, सिलिंडर, देव, सातबारा, पोरांचे शाळेचे दाखले. दुसरा प्रश्न, आधीपासून माळ्यावर काय होतं? इथे मात्र माणसं गप्प होत, मग हसत, मग कुणीतरी शिडी लावत असे. त्या शिडीवरून काय काय खाली आलं! तांब्याचं घंगाळ. सासूबाईंचा पितळी करंडा, आत मेण ठेवायची वाटी शाबूत. नक्षीचा अडकित्ता. पाळण्यावर टांगायची लाकडी चिमणी, एका पंखाचा रंग अजून हिरवा. पानांनी शाकारलेलं इरलं, त्याच्या बांबूच्या विणीत एकही गाठ दिसत नव्हती. गिरणीतल्या आजोबांचा पत्र्याचा बिल्ला. शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जबाबांची लांबट वही, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. "अडगळ हाय ओ सगळी," पोलादपूरजवळच्या एका वाडीतल्या आजी म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता पदराने तो करंडा पुसायला लागल्या.

कलासंग्रहालयं लोकांच्या उपयोगी कशी पडतील आणि तशी टिकून कशी राहतील, यावर लिहायचं म्हणून मी निघालो होतो. त्यासाठी महाड-पोलादपूर का निवडलं, असं विचारणारे पुष्कळ भेटले. माझ्याकडे दोन कारणं आहेत. 'सार्वजनिक' या शब्दाचा खरा अर्थ देशाला या गावाने शिकवला. आणि टिकाऊपणाच्या गप्पांची परीक्षा घ्यायला इथे दर पावसाळ्यात नदी येते.

*

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपण सत्याग्रहाच्या दिवसापासून सांगायला लागतो. मला ती त्याआधीपासून सांगावीशी वाटते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशांतून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी आपलं तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर गोष्ट तिथे संपली होती. प्रत्यक्षात पुढची तीन वर्षं ज्यांच्यासाठी ठराव झाला, त्यांना त्या पाण्याला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसं महाडला भरलेल्या परिषदेच्या मांडवातून रांगेने चालत गेली, ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा तळं खुलं झालं. तेही लगेच नाहीच. मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली, आणि तिथे २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याच्या दाव्याचा कोर्टातला निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडलं.

संग्रहालयाच्या दारावर 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी लागलेली असते. मला ती १९२४ चा ठराव वाटते. दार उघडं असणं आणि माणूस आत जाऊ शकणं यांत तीन वर्षांचं, कधी तीस वर्षांचं अंतर असतं. पहारेकऱ्याची नजर, तिकिटाची खिडकी, चपला काढायच्या की नाही हा घोर, आणि आत गेल्यावर आपल्याला काही कळणार नाही अशी आधीच बसलेली धास्ती. माझ्या मावशीला मी एकदा एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात नेलं होतं. एका काचेच्या कपाटापुढे ती थबकली. आत तिच्या माहेरच्यासारखा करंडा होता. "काय लिवलंय रे खाली?" तिने विचारलं. खाली फक्त इंग्रजी होतं, व्हर्मिलियन बॉक्स. मी अर्थ सांगितला. "मग करंडा म्हणायला काय झालं?" एवढंच ती बोलली. पुढच्या दालनात ती बाकावर बसून राहिली. त्या कपाटातल्या वस्तूबद्दल इमारतीतल्या कुणाहीपेक्षा तिला जास्त माहिती होती आणि ती तिला कुणी विचारली नाही.

महाडच्या उत्तरेला महामार्गाला लागून गांधारपाल्याची लेणी आहेत. सुमारे तीस. पायऱ्या चढून वर गेलं की खाली सावित्री-गांधारीचं खोरं पसरलेलं दिसतं. तिथल्या एका ब्राह्मी लेखात कुमार काणभोअ व्हेणुपालित याने दिलेल्या दानाची नोंद आहे. लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या आणि लेण्याकडे येणारी वाट. हा लेख मला तळ्यावरून आल्यावर पुन्हा आठवला तेव्हा अंगावर काटा आला. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या दात्याने कोरीव कामासोबत पाणीही दिलं आणि तिथपर्यंत पोचायची वाटही दिली. दानपत्रात वाट वेगळी नोंदवावी असं त्याला वाटलं. कलेच्या वास्तूचा आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने हा लेख एकदा डोळ्यांखालून घालावा.

*

या दोन तालुक्यांत इतिहासाची वाण नाही. महाडपासून पंचवीस किलोमीटरवर रायगड, जिथे ६ जून १६७४ ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. पायथ्याच्या पाचाडला जिजाऊंची समाधी. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची, तर खुद्द पोलादपुरात 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधी. शिवथरघळ इथलीच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रायगडाजवळच्या नाते गावचे. अस्पृश्यतेविरुद्ध पहिली लेखणी उचलणाऱ्यांपैकी गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात रायगड आहे.

जागा इथे आहेत. वस्तू मात्र इथून निघतात आणि घाट चढतात किंवा खाडी ओलांडतात. हा कुणाचा दोष नाही. मौल्यवान वस्तूला कुलूप, पहारा, कोरडी हवा लागते आणि ती शहरात मिळते. पण परिणाम असा होतो की ज्यांच्या शेतात इतिहास घडला त्यांच्या पोरांना तो पुस्तकातल्या चित्रात बघावा लागतो. रायगडावरच्या उत्खननात २०२१ मध्ये सोन्याची बांगडी मिळाली, २०२५ मध्ये ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याचं 'यंत्रराज' हे उपकरण सापडल्याचं जाहीर झालं. पाचाडच्या शाळेतल्या मुलीला ते आपल्या गावच्या हद्दीत, आपल्या भाषेतल्या चिठ्ठीसह बघायला मिळावं, अशी माझी साधी अपेक्षा आहे. मूळ वस्तू नसेल तर हुबेहूब प्रतिकृती, जी हातात धरून फिरवता येईल. मुलांना तर प्रतिकृतीच अधिक आवडते, कारण तिला हात लावता येतो.

वस्तू फिरू शकतात, हे आपण नुकतंच पाहिलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. सातासमुद्रापलीकडून वस्तू येते तर जिल्ह्याच्या गावातून तालुक्याला का येऊ नये? पोलादपूर तर प्रतापगडाच्या वाटेवरचं गाव.

*

शिमग्यात या भागातल्या कुठल्याही गावात जा. देवळातली पेटी उघडते. देवांची चांदीची रूपं बाहेर निघतात, रिठ्याच्या पाण्याने उजळली जातात, मानकऱ्यांच्या समोर मोजली जातात. मग ती पालखीत लागतात, वस्त्रं चढतात, खालूबाजा सुरू होतो आणि पालखी सहाणेवर येते. होम झाला की ती घरोघर निघते. प्रत्येक उंबऱ्याशी सडा-रांगोळी, ओटी, गाऱ्हाणं. जो म्हातारा अंथरुणातून उठू शकत नाही त्याच्या ओटीपर्यंत देव जातो. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात. त्यांची मंडळं लालबाग-परळच्या चाळींतून वर्गणी गोळा करून पाठवतात. कुणाच्या घरी पालखीचा मुक्काम, कुणाकडे जेवण, कुणाकडे दिवट्यांचं तेल, हे सगळं गावकीत ठरलेलं असतं.

मी हे संग्रहालयाच्या नजरेने पाहायला लागलो तेव्हा चकित झालो. उत्तम चांदीकाम वर्षभर पेटीत सुरक्षित राहतं. वर्षातून एकदा त्याची साफसफाई, मोजदाद, डागडुजी होते, तीही साक्षीदारांसमोर. मग ते लोकांच्या दारात जातं. खर्च गाव वाटून घेतं. एखादं रूप झिजलं तर सोनाराला बोलावतात, म्हणून ती कारागिरीही जगते. देशोदेशीचे संग्रहालयतज्ज्ञ लोकसहभाग, फिरतं प्रदर्शन, कायम चालणारा निधी या विषयांवर परिषदा भरवतात. आमच्या वाड्यावस्त्यांत ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालू आहे, आणि ती कुणाच्या अनुदानावर अवलंबून नाही.

पण पालखीची दुसरी बाजू लपवून हा लेख पुढे नेला तर तो चवदार तळ्याच्या काठावर उभं राहून केलेला अप्रामाणिकपणा होईल. पालखीचा मान घराण्यांत वाटलेला असतो. पुष्कळ गावांत कुणाच्या अंगणात ती जायची आणि कुणाच्या नाही, हे जात ठरवत आली. या मानापमानावरून भांडणं झाली, पालख्या बंद पडल्या. बायकांनी खांदा द्यायचा नाही, हा दंडक कितीतरी ठिकाणी होता. म्हणून पालखीचे पाय घ्यावेत, मानपान घेऊ नयेत. जे संग्रहालय इथे उभं राहील त्याची पहिली फेरी बौद्धवाडी आणि कातकरवाडीतून निघाली पाहिजे. तिथे फक्त दाखवायला जायचं असं नाही. तिथलं मागायलाही जायचं. दरवर्षी २० मार्चला महाडला येणाऱ्या लाखोंच्या गर्दीत पुस्तकांचे ठेले असतात, तसबिरी असतात, भीमगीतं गाणारे शाहीर असतात. त्या तसबिरींचे रंग, ती छपाई, ती गाणी ही एका मोठ्या समाजाने स्वतःच्या हाताने घडवलेली कला आहे. तिचा एकेक नमुना दरसाल जपून ठेवला असता तर आज आपल्याकडे केवढा खजिना असता.

फिरत्या संग्रहालयाचा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून एका मोठ्या बसमध्ये प्रदर्शन मांडून ती शाळांमध्ये, गावोगाव नेली. ज्या संस्थेचा घुमट मुंबईच्या ओळखीचा भाग झाला आहे तिने स्वतः उठून लोकांकडे जावं, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत बस चढणार नाही. तिथे जीपच जाते, कधी तीही नाही. तिथे पेटी न्यावी लागेल. पत्र्याच्या तीन ट्रंका, प्रत्येकीत बारा-पंधरा वस्तू, चार मोठी चित्रं गुंडाळून, आणि सोबत बोलणारा एक माणूस. गावात पोचल्यावर त्याने ट्रंक उघडायची आणि पहिल्यांदा स्वतः बोलायचं नाही. "ही वस्तू तुमच्यात काय म्हणतात?" हे विचारायचं.

*

अशा छोट्या प्रयत्नाचं मूर्तिमंत उदाहरण आपल्याच कोकणात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या. चित्रकथीची जुनी चित्रं कागदावर काढलेली, एकेका कथेच्या चित्रांची एक पोथी. वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारतातल्या कथा सांगायच्या. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता तोवर ही कला तगली, मग उतरणीला लागली. गंगावण्यांनी चित्रं जमवली, घरातल्या पोरांना शिकवलं आणि गुरांच्या जागी बाहुल्या टांगल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला पद्मश्रीपेक्षाही महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की तिथे जाणाऱ्याला वस्तू दिसते आणि ती वाजवणारा, नाचवणारा, गाणारा माणूसही भेटतो. पाहुण्याने दिलेले पैसे त्या कलावंताच्या चुलीपर्यंत पोचतात. संग्रहालय टिकण्याचा यापेक्षा भक्कम मार्ग मला माहीत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला औंध. सातारा जिल्ह्यातलं ते छोटंसं संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय सुरू केलं. राजा रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रं तिथे आहेत, आणि हेन्री मूर या जगद्विख्यात शिल्पकाराचं मायलेकराचं शिल्पही. पॅरिस-लंडनला शोभेल असा संग्रह खेड्यात मांडायचा, देवीच्या दर्शनाला येणाऱ्या शेतकऱ्याने तो जाता-येता बघायचा, ही कल्पनाच केवढी मोठ्या मनाची. औंध मला दिलासाही देतं आणि अस्वस्थही करतं. दिलासा यासाठी, की चांगली चित्रं फक्त शहरासाठी असतात हे त्याने खोटं पाडलं. अस्वस्थ यासाठी, की एका माणसाच्या ध्यासावर उभं राहिलेलं संग्रहालय त्याच्यानंतर सरकारी खात्याची एक जबाबदारी होऊन बसतं.

पुण्याच्या दिनकर केळकरांचा संग्रहही ध्यासातूनच जन्मला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, चुली, दरवाजे गोळा केले आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं. वीस हजारांवर वस्तू. रोजच्या वापरातली वस्तू ही कलावस्तू आहे, हे महाराष्ट्राला त्यांनी दाखवलं. पोलादपूरच्या आजींच्या करंड्याकडे 'अडगळ' म्हणून न पाहण्याची नजर मला तिथेच मिळाली. पण केळकरांच्या काळी वस्तू विकत घेऊन शहरात आणणं हाच जपण्याचा मार्ग होता. आज दुसरा मार्ग शक्य आहे. वस्तू आजींच्याच घरात राहू दे. तिची नोंद, तिचं छायाचित्र, तिच्याबद्दल आजी जे बोलल्या ते सगळ्यांचं होऊ दे. फ्रान्समध्ये १९७० नंतर जॉर्ज-आंरी रिव्हिएर आणि ह्यूग द वारीन यांनी नेमका हाच विचार मांडला. सबंध परिसर हेच संग्रहालय आणि तिथे राहणारी माणसं हीच त्याची राखणदार.

*

आता पाण्याकडे येतो, कारण महाडात शेवटी सगळं पाण्याशीच येऊन थांबतं.

४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्सच्या आर्नो नदीने शहर बुडवलं. चिमाबुएचा क्रूसावरचा येशू चिखलात गेला, राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं भिजली. जगभरातून तरुण पोरं आली आणि साखळी करून चिखलातून पुस्तकं वर काढली. कलावस्तू पुरातून वाचवण्याचं आजचं शास्त्र बऱ्याच अंशी त्या चिखलात शिकलं गेलं. पुढे २०१६ च्या जूनमध्ये सेन नदी चढली तेव्हा पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाने दारं बंद करून तळघरातल्या वस्तू वरच्या मजल्यांवर नेल्या, आणि २०१९ मध्ये शहरापासून दूर लिएव्हँ इथे मोठं कोठार उघडून सुमारे अडीच लाख वस्तू तिकडे हलवायला घेतल्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत संग्रहालयांपैकी एकाने शेवटी काय केलं, तर वस्तू माळ्यावर नेल्या. महाडच्या बायका हे कधीपासून करतायत.

तेव्हा इथे पहिला नियम असा हवा की तळमजल्यावर मूळ वस्तू ठेवायचीच नाही. तिथे प्रतिकृती, छायाचित्रं, बसायची जागा, मुलांचे कागद-रंग. मूळ वस्तू वर. आणि त्यांचं पावसाळी बिऱ्हाड उंचावरच्या, दरडीचा धोका नसलेल्या एखाद्या गावात. जून ते सप्टेंबर संग्रह तिकडे, दिवाळीनंतर खाली. गुरं जशी चाऱ्याप्रमाणे हलवतात तसा हा संग्रह ऋतूप्रमाणे हलेल. १९२८ साली बांधलेला सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पाण्याने नेला आणि त्याबरोबर एसटीतली माणसं गेली, हे विसरून इथे कुठलीच योजना आखता येणार नाही. पाऊस लागल्यावर वस्तू हलवू म्हणणारा माणूस या खोऱ्यात नवखा समजावा.

दुसरी गोष्ट हवेची. संग्रहालय म्हटलं की चोवीस तास वातानुकूलन हवं, अशी समजूत असते. त्या वीजबिलाने छोटी संस्था पहिल्या दोन वर्षांतच मोडते. आता जगातल्या मोठ्या संग्रहालयांनीही आपसांत ठरवून ती पट्टी सैल केली आहे. बहुतेक वस्तूंना १६ ते २५ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता चालते असं ते मानतात. कोकणातला पावसाळा या पट्टीच्या कितीतरी वर जातो, हे खरं. पण म्हणून सबंध इमारत गार करायची गरज नाही. जांभ्याच्या जाड भिंती, खोल पडवी, माळ्याला समोरासमोर झरोके, आणि नाजूक कागद-कापडापुरती एकच लहान कोरडी खोली. पोथ्या सुती बासनात बांधून वेखंडाची कांडी घालायची आपली रीत अडाणी नव्हती. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, सुती कापडात कागद श्वास घेतो.

तिसरी गोष्ट मला प्रत्येक पूरग्रस्त घरात सांगावीशी वाटली. कागद भिजला की साधारण अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरते. २०२१ च्या पुरानंतर किती घरांनी लग्नाचे अल्बम, वह्या, जुने दस्तऐवज गाळासोबत रस्त्यावर टाकले, त्याची मोजदाद नाही. त्यातलं पुष्कळ वाचलं असतं. चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत. स्वच्छ पाण्यात गाळ सुटू द्यायचा. कडक उन्हात न टाकता सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये कोरा कागद घालून वाळवायचं. आणि एवढं करायला त्या गडबडीत वेळ नसेल तर वह्या पिशवीत घालून सरळ गोठवायच्या. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, महिन्यांनी सवडीने काढता येतात. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मासळीसाठी शीतगृहं आहेत. त्यातल्या एखाद्याशी पूर येण्याआधीच बोलून ठेवलं, की पुराच्या तिसऱ्या दिवशी महाडचे भिजलेले कागद तिकडे रवाना करायचे, तर हे काम जवळजवळ फुकटात होईल. महाडच्या संग्रहालयाने वर्षभर दुसरं काहीही केलं नाही आणि पूर ओसरल्यावर घराघरांत जाऊन एवढी मदत केली, तरी लोक त्याला आपलं म्हणतील.

पैशांचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे इमारतीला निधी मिळतो. दिवा लावणाऱ्या, धूळ पुसणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही. कोनशिला बसते, फीत कापली जाते आणि पाच वर्षांनी कपाटांना कुलूप दिसतं. म्हणून इथे बांधकामाआधी माणूस नेमावा. दोन माणसं, एक महाडचं, एक पोलादपूरचं, त्यात एक तरी बाई. त्यांच्या पगाराची हमी गावकीने, मुंबईच्या मंडळांनी आणि नगरपालिकेने मिळून दहा वर्षांसाठी घ्यावी. रायगडावर पायऱ्यांनी आणि १९९६ पासून रोपवेनेही एवढी माणसं येतात. त्यांच्यासाठी पाचाडात इथल्या बांबूकामाची, इथल्या नाचणी-वरीची, इथल्या चित्रांच्या छापांची चांगली विक्री झाली तर खर्चाला हातभार लागेल. इमारत त्यानंतर बघता येईल. माझं मत विचाराल तर नवी बांधूच नये, एखादं जुनं चौसोपी घर नाहीतर रिकामी पडलेली शाळा पुरे.

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी महाडला येणाऱ्या माणसाला पुतळा, तळं, क्रांतिस्तंभ दिसेलच. त्याला या खोऱ्यातल्या हजार घरांच्या हजार वस्तूंची नोंदवहीही दिसावी, तीत सगळ्या आळ्या आणि सगळ्या वाड्या असाव्यात, असं मला मनापासून वाटतं. हे काम कुठल्याही मंजुरीवाचून आज सुरू होऊ शकतं.

तर महाड-पोलादपूरच्या, आणि पोटासाठी मुंबई-ठाण्याला गेलेल्या माझ्या वाचकांना विनंती. या दिवाळीत गावी गेलात की शिडी लावा. माळ्यावरची एक वस्तू खाली आणा. चिंच लावून घासू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा. उजेडात तिचा फोटो काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला, शक्यतो आजीला, विचारा की हिला काय म्हणतात, कुणी केली, कुठून आली, कशासाठी वापरत. आजी सांगतील त्याच शब्दांत ते एका चिठ्ठीवर लिहा, तारीख घाला आणि चिठ्ठी सुती दोऱ्याने वस्तूला बांधून पुन्हा माळ्यावर ठेवा. लिहिताना शिसपेन्सिल वापरा. शाई पाण्यात पसरते.